दुसरं हेल्मेट

रविवारची उपासना आटोपून शमुवेल घरात शिरतो न शिरतो, तोच मुलाचा फोन आला. व्यसनमुक्ती केंद्रातून चौथ्यांदा पळून तो सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्टँडवर बसला होता. “पापा, लेने आ जाओ ना यार! लास्ट टाइम, पक्का.” शमुवेलने सवयीने दोन्ही हेल्मेटं उचलली, एक स्वतःचं, एक पोराचं. मागच्या खेपेला असाच आणला, तर आईचं शिलाई मशीन विकून पसार झाला. बायको दारात आडवी आली. “अहो, पवित्र शास्त्रातल्या दाखल्यातला बाप घर सोडून गेलेल्या उधळ्या पुत्राला आणायला गेला नव्हता. पोरगा आपल्या पायांनी परतला.” शमुवेलने अजून चालूच असलेला फोन तोंडाशी धरला. “दार उघडंच आहे, बाळा. तू ये.” फोन तिकडून कटला. पोराचं हेल्मेट मांडीवर घेऊन तो पायरीवर बसला, रस्त्याकडे तोंड करून. त्या बापाने किती वर्षं वाट पाहिली, हे शास्त्रात लिहिलेलंच नाही.