विचाराधीन

मानोऱ्याच्या संघदीपने पुण्यातल्या बड्या कंपनीला अर्जाचं काय झालं विचारायला नवव्यांदा फोन लावला. कारंज्याच्या जिनिंगवाल्याने कापूस मोजायच्या कामासाठी आजच होकार मागितला होता. "अर्ज विचाराधीन आहे सर, वाट पाहा," तिकडून मुलीचा तोच गुळगुळीत आवाज आला. फोन कानाशी धरूनच तो आईला म्हणाला, "वाटच पाहा म्हणून राह्यली वं माय! जिनिंगवाल्याले काय सांगू?" मग तोच आवाज, बहिणीने कानात सांगावं तसा, हळूच वऱ्हाडी झाला. "भाऊ, मी रिसोडची. त्या जागा कवाच्याच भरल्या. आमाले असंच बोला लागते. जिनिंग सोडू नको." तिच्या मागून साहेब खेकसला, तशी ती दचकून म्हणाली, "वाट पाहा, सर." संघदीपला सारं उमगलं. "हो मॅडम, पाहतो वाट," म्हणून त्याने फोन ठेवला. "माय, भाकर बांध."