शंभर मीटरच्या पुढे

"शिडी धरा," बाई म्हणाली आणि लायच्या हो-नाहीची वाट न बघता वर चढली.

लाय चिंग-फाने शिडी धरली. सोडून द्यावी, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. ताइचुंगच्या या कारखान्यात नेटवर्कची सगळी तार त्यानेच ओढली होती. आज तपासणीत काम नापास झालं, तर औद्योगिक वसाहतीत तीन वर्षं त्याला कोणी दारात उभं करणार नव्हतं. फाटकावर पिवळं हेल्मेट आणि काखेतली फाइल दिसताच त्याने ओळखलं, या वेळी खडूस परीक्षक गाठ पडलीय. नाव विचारायचंही त्याच्या जिवावर आलं.

"मागचे परीक्षक साहेब आधी चहा घ्यायचे," लाय म्हणाला.

"म्हणूनच त्यांना छत दिसायचं नाही."

तारेवर दर मीटरला आकडा छापलेला असतो. बाईने या टोकाचा वाचला: अठरा. मग पार दुसऱ्या टोकाला जाऊन तिथला: एकशे एकोणपन्नास.

"एकशे एकतीस मीटर. शंभरच्या पुढे तारेला दम लागतो, सिग्नल पोचत नाही, लायसाहेब. ही कशी पोपटासारखी बोलतेय?"

"तार चांगली आहे."

"की मध्ये प्रॉम्प्टर बसवलाय? करारात तिथे सिग्नलला जोर देणाऱ्या यंत्राचं कुलूपबंद कपाट होतं. दुसऱ्या ठेकेदाराने निविदेत ते धरलं, म्हणून त्याची निविदा महाग पडली. तुम्ही कपाटच गिळलंत."

"त्या म्हाताऱ्या फानला धंदा कळत नाही, त्याला मी काय करू?"

बाईने हेल्मेटचा पट्टा आवळला. "फानसाहेबांना कपाट गिळता येत नाही, एवढंच." मध्यावर शिडी लावून तिने छताची फरशी सरकवली. ट्यूबलाइटच्या वायरीतून वीज चोरून, सिग्नल पुढे ढकलणारा रिपीटर हिरवा डोळा मिचकावत होता. तिने चार फोटो काढले.

लायचा आवाज एकदम खाली आला. "मॅडम, आठ दिवस द्या. रीतसर कपाट बसवतो."

"लिहून द्या. काय लपवलंत, कुठे लपवलंत."

"मग नापास नाही ना करणार?"

"मी नाही करणार. शब्द देते."

लायने लिहिलं, खिशातला शिक्का लाल शाईत दाबला आणि नावाखाली उमटवला. बाईने फुंकर मारून शाई वाळवली, कागद फाइलीत घातला आणि मानही न लववता चालती झाली.

"खडूस!" लाय पुटपुटला; पण जीव भांड्यात पडला होता. तेवढ्यात फोन वाजला.

"लायसाहेब, मी तुमचा परीक्षक. सकाळपासून महामार्गावर अडकलोय हो, अर्ध्या तासात पोचतोच."