कोपराची खूण

वेलिंग्टनच्या वाऱ्यात सायकलवाल्यांचा एकच कायदा: पुढच्याने वारा झेलायचा, मागच्याने त्याच्या आडोशाला राहायचं, आणि पुढचा दमला की कोपर हलवून मागच्याला पुढे बोलवायचं. हे मृदुलाला बाबाने शिकवलं, आणि गेल्या वर्षी तो नोकरीसाठी इंग्लंडात लीड्सला गेला. येत्या जुलैत दोघं अख्खं ब्रिटन सायकलवर पार करणार होती. कुठल्या गावात मुक्काम, कुठे खादाडी, सगळं फोनवर ठरलेलं. आज बाबाचा फोन आला. “पिल्लू, रजा नाही मिळत गं. पुढच्या वर्षी नक्की.” “स्वीट ॲज, बाबा, चालतंय. तोवर तुझं पोट अजून सुटेल, मला आडोसाही मोठा मिळेल.” तो हसला. फोन ठेवून ती सायकलवर समुद्राकाठच्या रस्त्याला लागली. समोरच्या वाऱ्याने धाप लागली आणि सवयीने कोपर हललं. मागून कोणीच आलं नाही. हँडलवर आणखी वाकून ती पुढेच राहिली.