पिवळी पन्नी

उद्या पर्युषणात मंदिरातल्या बायकांपुढे सुनेनं ग्रंथ वाचायचा होता, म्हणून प्रेमाबाईंनी आजच तिला वाचायला बसवलं. तिनं पानावर पिवळी पारदर्शक पन्नी ठेवली. “हे कायले वं?” “डोळ्याले बरं वाटते, आत्याबाई.” प्रेमाबाईंना संशय आला. पाठ करून वाचल्याचं सोंग कसं करतात, ते त्यांना चांगलंच ठाऊक होतं. त्यांनी पन्नी उजेडात धरली. तिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. मग मधलंच पान उघडून म्हणाल्या, “हे वाच.” सुनेनं तेही घडाघडा वाचलं. तरी प्रेमाबाईंचं मन मानेना. तिला पाणी आणायला पाठवून त्यांनी स्वतः पन्नीतून पाहिलं. लहानपणापासून नाचणारी अक्षरं जागच्या जागी उभी राहिली. जन्मभर पाठांतरावर ग्रंथ ‘वाचणाऱ्या’ प्रेमाबाई प्रथमच खरंखुरं वाचू लागल्या. सून तांब्या घेऊन दारात थबकली. “दार लाव आधी. मले पान संपवू दे.”