बेटावरून काही न्यायचं नाही

होडीतून उतरताना रंभाबाईंनी पदर असा काही पुढे ओढला, की बघणाऱ्याला वाटावं नवी नवरीच निघालीय. पण पोटच्या पोरीपासून तोंड लपवायला पदर कुठून पुरणार? गाईडचा हिरवा शर्ट घालून काठावर उभ्या असलेल्या समिधाने आईला ओळखलं आणि तिचा चेहराच उतरला.

सकाळीच ती बजावून गेली होती, "आई, आज बेटावर येऊ नको हां. तू समोर दिसलीस तर माजी बोलती बंद होईल." पहिला दिवस होता तिचा. वनखात्याचे साहेब स्वतः मागून चालणार, ऐकणार, मगच नोकरी पक्की. त्या धास्तीने पोरगी घोटभर चहावर दातिवऱ्याच्या घरून निघाली. उपाशी! मग आईचा पाय घरात ठरतो होय? रंभाबाईंनी रीतसर तिकीट काढलं आणि तारापूरच्या कॉलनीतून आलेल्या पाहुण्यांत जाऊन बसल्या.

वाट अर्ध्या तासाची. तिवरांतून चढायचं आणि पलीकडच्या खडकांवर उतरायचं.

"हे तिवराचं झाड," समिधाने सुरुवात केली. "याची मुळं... याची मुळं..." आणि गाडं तिथंच रुतलं. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. रंभाबाईंनी पदर आणखी पुढे ओढला. जळलं मेलं माझं लक्षण, कशाला तडमडले इथं!

खडकांपर्यंत पोरगी जेमतेम चार वाक्यं बोलली. हे खडक रंभाबाईंच्या पायाखालचे. बेट राखीव होईपर्यंत चाळीस वर्षं त्यांनी इथंच बसून कोयतीने कालवं फोडली होती, आणि लहानगी समिधा शेजारी रिकाम्या शिंपल्यांशी खेळत बसायची.

त्यांना राहवेना. घसा खाकरून त्या पुढे झाल्या.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "दगडाला हे काय चिकटलंय वो?"

समिधाने वळून पाहिलं. खडकाकडे दाखवणाऱ्या त्या बोटांवर शिंपल्यांच्या धारेने झालेले जुने वण होते. तिला हसूच फुटलं.

"ही कालवं, मावशी. पिल्लं असताना पाण्यात वाहत फिरतात. मग जागा धरायची वेळ आली, की बहुतेक जुन्या कालवांच्याच अंगाला येऊन चिकटतात. एकदा धरलं की जन्मभर सोडत नाहीत."

"अगो बाय!" रंभाबाई खरोखरच थक्क झाल्या. इतकी वर्षं फोडली, पण हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

मग काय, समिधाच्या तोंडाला खळ नाही. खेकडे झाले, बगळे झाले, अडलेली तिवराची मुळंसुद्धा झाली. साहेबांनी वही मिटून खिशात घातली आणि तेही ऐकत राहिले.

परत निघताना होडीपाशी झडती होती. बेटावरून साधा शिंपलाही न्यायचा नाही, असा नियम. समिधा एकेकाची पिशवी बघत होती. रंभाबाईंची पिशवी चांगली फुगलेली. साहेब शेजारीच उभे.

"मावशी, यात काय आहे?"

रंभाबाईंनी पिशवीतून डबा काढून तिच्या हातावर ठेवला. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी, डबा अजून कोमट होता.

"हे नेत नाय मी, मॅडम," त्या म्हणाल्या. "आणलंय."