धाकट्या जावेचं फूल

फेब्रुवारी उजाडला आणि गावच्या बागेत स्नोड्रॉपची इवली पांढरी फुलं बघायला माणसं लोटली. यंदा सगळे चर्चमधल्यासारखे गुडघे टेकत होते ते ऑड्रीने बागेला दिलेल्या दुर्मिळ पिवळ्या स्नोड्रॉपपुढे. हिल्डा, ऑड्रीची मोठी जाऊ, तेवढी ताठ उभी. आपली पांढरीशुभ्र फुलं कुणी ढुंकून पाहत नाही, आणि हिच्या पिवळ्यांचे हे लाड! जीव नुसता जळत होता.

“माझ्या वाफ्यात असली पिवळी निघाली ना, की मी रोगट म्हणून उपटून कुंपणापलीकडे भिरकावते,” ती फणकारली.

“ठाऊक आहे, जाऊबाई. कुंपणापलीकडे माझंच तर अंगण,” ऑड्री हळूच म्हणाली.


“तिथेच रुजली ही,” ऑड्रीच पुढे म्हणाली, “म्हणून तर वाणाला नाव दिलंय ‘हिल्डा’.”