कुकरची रिंग

कुकरच्या कडेने पुन्हा वाफ फुसफुसली. हेमांगीने चिडून झाकण उघडलं. महिन्यापूर्वीच घेतलेल्या रबरी रिंगला भेगा पडल्या होत्या. आत छोटी ओवी खोकत होती.

बाहेरच्या धुळीपायी शहरातल्या सगळ्या खिडक्या सील झाल्यापासून प्रत्येक भिंतीवर हवा शुद्ध करणारं आयोनायझर मशीन गुणगुणत असे. त्याच्या उग्र वासालाच लोक आता ताजी हवा म्हणत.

मशीन तपासायला आलेल्या घरतने हिरव्या दिव्याकडे बोट दाखवलं. "धूळ शून्य आहे, ताई. पोरगी खोकली की मशीन एक नंबरने वाढवायचं."

"वर्षभर तेच करतेय! ती खोकते, मी वाढवते, ती आणखी खोकते. तुमचा दिवा नुसती धूळ मोजतो. हे मशीन हा उग्र वासाचा विषारी ओझोन ओकतं, तो कोण मोजणार?"

"तो मोजायचा नियम नाही, ताई."

हेमांगीने रिंग त्याच्या तोंडासमोर धरून ताणली. तिचे दोन तुकडे झाले.

"रबर आहे हे! त्या वासाने महिन्यात याची ही गत झाली. माझ्या पोरीची फुफ्फुसं कशाची आहेत?"

"रिंग हलकी असेल," घरत पुटपुटला.

हेमांगीने खलातला बत्ता उचलला. घरत दचकून मागे सरला, पण ती थेट खिडकीपाशी गेली आणि तिने सील केलेल्या काचेवर बत्ता हाणला. काच खळकन फुटली.

"अहो ताई, धूळ येईल आत!"

"येऊ दे," ती कडाडली. "धूळ मला झाडता येते!"